डीजेचा लॅपटॉप: मागणी रॅमची होती, दुखणं हार्ड डिस्कचं निघालं

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२५ च्या लग्नसराईतलं. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक साउंडवाले. नाव-गाव गाळतो, लिहिताना त्यांना मालक म्हणेन आणि लॅपटॉप चालवणाऱ्या पोराला ऑपरेटर. मालकांचे टेम्पोवर बांधलेले दोन सेटअप. हळदी, वरात, जयंतीच्या मिरवणुका आणि गणपती, यावर दोघांची घरं आणि हाताखालच्या सहा-सात पोरांचे पगार चालतात. हंगामात एक कार्यक्रम बिघडला तर पुढच्या चार सुपाऱ्या दुसरीकडे जातात, म्हणून या कामाकडे मी 'एक लॅपटॉप फास्ट करून देणे' एवढ्या नजरेनं बघत नाही.

लॅपटॉप सेकंडहँड होता, कंपन्या तीन-चार वर्षं वापरून विकून टाकतात त्या बिझनेस सिरीजमधला. आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर४ रॅम एकाच पट्टीत, १ टीबीची ५४०० आरपीएम हार्ड डिस्क, विंडोज १०. त्यावर व्हर्च्युअल डीजे हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर आणि ते चालवायला दोन चॅनलचा कंट्रोलर, म्हणजे बटणांचा खोका. गाणी साधारण १८ हजार, बहुतेक ३२० केबीपीएसची एमपीथ्री. चार मिनिटांचं असं गाणं साडेनऊ एमबीच्या आसपास भरतं, म्हणजे गाण्यांची जागा पावणेदोनशे जीबीच्या आतच. तरी डिस्क जवळजवळ भरलेली होती. लग्नांचे व्हिडिओ, जुन्या रिमिक्सच्या तीन-तीन कॉप्या, कुणाकुणाच्या पेनड्राइव्हवरून आलेले फोल्डर, सगळं तसंच साठलेलं.

तक्रार

सोमवारी सकाळी दुकान उघडतोय तोवर मालक दारात हजर. "दादा, रॅम वाढवून द्या. सोळा नको, बत्तीसच टाका. शुक्रवारी मोठी वरात आहे."

आदल्या रात्री हळदीच्या कार्यक्रमात चालू गाणं तोंडावर थांबलं होतं. ऑपरेटरनं दुसऱ्या डेकवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या दुसऱ्या प्लेअरवर, गाणं टाकलं, स्क्रीन गोठली आणि सात-आठ सेकंद सगळं शांत. मंडपात नाचणारी माणसं हात वर करून उभी, आणि सगळ्यांच्या नजरा टेम्पोकडे. रात्री दहाला साउंड बंद करायचा असतो, त्यामुळे शेवटच्या अर्ध्या तासात सगळ्यांचीच घाई असते. नेमक्या त्याच अर्ध्या तासात हे तीनदा झालं.

मालकांना मी ऑपरेटरला पाठवून द्यायला सांगितलं. चालवणारा माणूस आणि पैसे देणारा माणूस एकच अडचण वेगवेगळी सांगतात, आणि दुरुस्तीला चालवणाऱ्याचं सांगणं जास्त उपयोगी पडतं. ऑपरेटरनं एक नाही, दोन गोष्टी सांगितल्या. एक, गाणं लोड करताना अडकतं. दोन, गाणं नीट चालू असतानाही मधूनच 'करकर' असा तुटका आवाज येतो, अगदी क्षणभर, पण टॉपमधून, म्हणजे वरच्या स्पीकरमधून, स्पष्ट ऐकू येतो. मी दोन्ही वहीत वेगवेगळ्या ओळींवर लिहून ठेवलं. पुढे याचा फार उपयोग झाला, कारण दोन्हींची कारणं वेगळी निघाली.

टेबलावरची तपासणी

दुकानात लॅपटॉप चालू केला. विंडोज यायला चार मिनिटं, सॉफ्टवेअर उघडायला आणखी दीड. हळू होता, पण गाणी अडकत नव्हती. दोन डेकवर आलटून पालटून वीस-पंचवीस गाणी टाकली, एकदाही थांबला नाही. टास्क मॅनेजरमध्ये रॅम सहा जीबीच्या आसपास. ब्राउझर बंद केला की साडेचारवर. म्हणजे रॅम तंग होती, संपलेली नव्हती.

क्रिस्टलडिस्कइन्फो लावून हार्ड डिस्कची तब्येत बघितली. पिवळा इशारा. वाचता न आलेले आणि अजून निकाल न लागलेले काही सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, 'पेंडिंग' यादीत होते. डिस्क म्हातारी झाली होती, हे नक्की. पण टेबलावर गाणं अडकत नव्हतं, आणि कार्यक्रमात अडकत होतं.

निर्णयाची पहिली जागा ही. बत्तीस जीबी टाकून बिल केलं असतं तर मालक खुशीनं घेऊन गेले असते. मागणी त्यांचीच होती. पण टेबलावर दिसत नसलेलं दुखणं बरं झालं की नाही हे टेबलावर कळणार कसं? मी ऑपरेटरला विचारलं, "कार्यक्रमात लॅपटॉप ठेवतोस कुठे?"

"बेसच्या खोक्यांवरच की. वर फळी टाकतो, फळीवर कंट्रोलर आणि लॅपटॉप."

गोडाऊनमधली चाचणी

दुपारी त्यांच्या गोडाऊनला गेलो. टेम्पो आत उभा होता. नेहमीसारखी फळी टाकली, लॅपटॉप ठेवला, रिसोर्स मॉनिटरमध्ये डिस्कचं पान उघडून ठेवलं. त्या पानावर डिस्कला उत्तर द्यायला किती मिलिसेकंद लागतात ते दिसतं. बेस बंद असताना आकडा पंधरा-वीसच्या घरात. ऑपरेटरनं बेस चढवला, अर्ध्यापर्यंतच, आणि दुसऱ्या डेकवर गाणं टाकलं. आकडा दोनशे, सहाशे, एकदा हजाराच्या वर. गाणं अडकलं. बेस खाली केला, आकडा खाली. पुन्हा वर केला, पुन्हा अडकलं. फळीवर हात ठेवला तर तळव्याला मुंग्या येत होत्या.

मग लॅपटॉप उचलून टेम्पोपासून दहा फुटांवर, प्लास्टिकच्या खुर्चीत ठेवला आणि तीच गाणी टाकली. एकही अडकलं नाही. लॅपटॉप तोच, रॅम तीच, गाणीही तीच. फक्त खालचा थरथराट गेला होता.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावर वाचणारं टोक केसाच्या जाडीच्याही कितीतरी हजारपट कमी अंतरावर तरंगतं. माहितीच्या रेघा अतिशय बारीक असतात. धक्का बसला की टोक रेघेवरून सरकतं, वाचन चुकतं, आणि तीच जागा पुन्हा टोकाखाली येईपर्यंत थांबावं लागतं. ५४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९० फेरे, एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. एक चूक कळतसुद्धा नाही. बेस चालू असताना चुका ओळीनं होत राहतात, प्रत्येक वेळी आणखी एक फेरा, आणि आधीच कमजोर झालेल्या सेक्टरवर तर कितीतरी फेरे.

हे फक्त आमच्या टेम्पोवर घडतं असं नाही. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणाऱ्या ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ च्या अखेरीस डिस्कच्या रॅकसमोर उभं राहून नुसतं मोठ्यानं ओरडून दाखवलं होतं. त्या ओरडण्यानं डिस्कची उत्तर द्यायची वेळ वाढलेली आलेखावर दिसते. आणि २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका जुन्या अभियंत्यानं सांगितलं की विंडोज एक्सपीच्या काळात एका पॉप गाण्याच्या कंपनानं काही ५४०० आरपीएमच्या लॅपटॉप डिस्क बंद पडत असत. त्या प्रकाराला सुरक्षा त्रुटींच्या यादीत रीतसर क्रमांकही मिळाला, सीव्हीई-२०२२-३८३९२. मी हे वाचलेलं होतं, पण आपल्याकडच्या वरातीशी जोडून कधी बघितलं नव्हतं. त्या दुपारी फळीवर हात ठेवल्यावर जोडलं गेलं.

त्या रात्री त्यांचा एक छोटा कार्यक्रम होता. तात्पुरता उपाय म्हणून चार इंच जाड फोमचा तुकडा लॅपटॉपखाली ठेवायला सांगितला, हवेच्या जाळ्या झाकल्या जाणार नाहीत अशा बेतानं कापून. ऑपरेटरचा रात्री फोन आला, "अडकलं, पण एकदाच."

पर्याय

फक्त रॅम वाढवणं हा मालकांचा पर्याय. गोडाऊनमधल्या चाचणीनंतर तो त्यांनीच मागे घेतला. आकडे त्यांच्या डोळ्यांसमोर चढ-उतार करत होते, मला वेगळं पटवून द्यावं लागलं नाही.

नवा लॅपटॉप घ्यावा, असं ऑपरेटरच्या मनात होतं. साठ-सत्तर हजार हंगामाच्या मध्यावर, आणि नव्या मशिनवर सगळं बसवून ते अंगवळणी पडायला हातात तीन दिवस. त्याच्या ओळखीचा एक जण जुना मॅकबुक विकत होता, त्याबद्दलही त्यानं विचारलं. ॲपलच्या २०२० नंतरच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, जेवढी घेतली तेवढीच कायम. ८ जीबीचा मिळत होता. सोडून दिला.

यूएसबीवरची बाहेरची एसएसडी, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेली चिपची डिस्क, सगळ्यात सोपी होती. गाणी त्यात टाकायची, लॅपटॉप उघडायचाच नाही. पण टेम्पोवर लटकणारी प्रत्येक वायर कधीतरी कुणाच्या तरी पायात येते. कंट्रोलरची यूएसबी एक, तिच्या शेजारी गाण्यांची दुसरी, आणि दोन्हींपैकी एक निसटली तरी साउंड बंद. चालवायची डिस्क म्हणून मी तिला नकार दिला. बॅकअपसाठी मात्र तीच घ्यायला लावली.

राहिला आतली डिस्क बदलण्याचा पर्याय. या लॅपटॉपमध्ये साटा या जुन्या जोडणीची अडीच इंची जागा होती आणि एम.२ ची, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीची, एक खाच रिकामी होती. असं प्रत्येकात नसतं. काही मॉडेलांत मोठी बॅटरी अडीच इंची जागा खाते, आणि काही एम.२ खाचा फक्त साटाच्याच एसएसडी ओळखतात. म्हणून पार्ट मागवण्याआधी झाकण उघडून बघितलं आणि मॉडेलची पुस्तिकाही वाचली. एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान एसएसडी, चालणार होती.

मग प्रश्न एक डिस्क की दोन. १ टीबीची एकच एनव्हीएमई घेऊन भागलं असतं, दोन-तीन हजार वाचलेही असते. मी दोन सुचवल्या: ५०० जीबीची एनव्हीएमई विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी, १ टीबीची साटा एसएसडी गाण्यांसाठी. कारण साधं होतं. हंगामात विंडोज बिघडलं तर रात्रीतून ते पुसून नव्यानं टाकता यावं, आणि गाण्यांना हात लागू नये. गाण्यांना एनव्हीएमईच्या वेगाची गरजही नाही. तिसऱ्या पिढीची चांगली एनव्हीएमई सेकंदाला साडेतीन हजार एमबी वाचते, साटा साडेपाचशे. ३२० केबीपीएसच्या गाण्याला चालताना लागतात सेकंदाला ४० केबी. दुप्पट पैसे देऊन मंडपात कुणाच्या कानाला फरक कळणार नाही. फिरणारा भाग नसलेली कुठलीही बरी एसएसडी या कामाला पुरते.

रॅमचं मी सोळावर थांबवलं. आहे त्या ८ जीबीच्या जोडीला तशीच २४०० वेगाची ८ जीबी. दोन खाचांत दोन सारख्या पट्ट्या बसल्या की मेमरीचा रस्ता दुपदरी होतो, सेकंदाला १९.२ जीबीचा ३८.४ जीबी. या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ते काम याच मेमरीतून होतं, त्यामुळे पडद्यावरच्या गाण्याच्या लाटा सरकण्यातही फरक पडतो. बत्तीसची गरज कुठेच दिसत नव्हती. मालक म्हणाले, "बत्तीस टाकलं तर बिघडेल का?" बिघडणार काही नव्हतं. त्याच पैशात बॅकअपची डिस्क येते, एवढं सांगितल्यावर त्यांनी मान्य केलं.

बिल मजुरीसह साडेबारा हजाराच्या आत बसलं, बॅकअपची डिस्क वेगळी. त्याच वर्षाच्या अखेरीस मेमरीचे भाव खूप चढले, त्यामुळे हा आकडा आज कुणी धरून चालू नये.

काम

झाकण काढलं तर पंखा गुलाबी. पात्यांवर गुलालाचा थर, त्यात पेपर ब्लास्टचे चंदेरी कपटे अडकलेले, आणि तांब्याच्या जाळीच्या तोंडाशी धूळ व गुलाल मिळून नमद्यासारखी पट्टी झालेली. चिमट्यानं ती अख्खी निघाली, बोटभर लांब. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी पायांवरही तांबूस पूड होती. बॅटरीची पिन आधी सोडवली, मग मऊ ब्रश आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं सगळं साफ केलं, थर्मल पेस्ट बदलली. नवी पट्टी तिरकी घालून खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या चापांचा 'टक' आवाज आला. रॅम बसवल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी चालू ठेवतो, यात मी सूट घेत नाही. नवी पट्टीही खराब निघू शकते, आणि खराब रॅमचा त्रास कसा दिसेल हे सांगता येत नाही. सकाळी शून्य चुका.

पुढच्या दोन निर्णयांत मी चुकलो.

पहिला म्हणजे क्लोनिंग. जुन्या डिस्कचं विंडोज जसंच्या तसं नव्यावर उतरवलं तर मांडणी ओळखीची राहील आणि वेळ वाचेल, असा हिशेब केला. पण पेंडिंग सेक्टर असलेली डिस्क शेवटपर्यंत एका दमात वाचून होत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच, घाईत बाजूला ठेवलं. क्लोनिंग साठ टक्क्यांवर जाऊन रेंगाळलं, तीन तासांनी बंद पडलं. दुसऱ्यांदा तेच. मंगळवार गेला, आणि त्या म्हाताऱ्या डिस्कला मी उगाच दिवसभर दामटलं.

मंगळवारी संध्याकाळी रस्ता बदलला. आधी फक्त गाण्यांचे फोल्डर बाहेर काढून घेतले. चौदा फाइली वाचता आल्या नाहीत, त्यांची यादी ऑपरेटरला दिली; त्यातल्या बाराची कॉपी त्याच्या पेनड्राइव्हवर सापडली. मग एनव्हीएमईवर कोरं विंडोज टाकलं. इथे १० की ११ हा प्रश्न आला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि आठव्या पिढीचा प्रोसेसर ११ ला चालतो. तरी १० च ठेवलं, कारण कंट्रोलरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला विंडोजशी जोडणारा प्रोग्राम, त्यावर वर्षानुवर्षं चाललेला होता आणि वरात तीन दिवसांवर होती. ११ वर जाणं गणपतीनंतर, असं बिलाच्या मागे लिहून दिलं.

दुसरी चूक मोठी होती. जुन्या डिस्कवर गाणी दोन भागांत होती, डी आणि ई. डीवर जुनी, ईवर गेल्या तीन वर्षांतली. नवी एसएसडी कोरी असल्यानं मी नीटनेटकेपणा केला: दोन्ही एकत्र करून सगळी गाणी एकाच डी ड्राइव्हवर टाकली. बुधवारी संध्याकाळी ऑपरेटर आला, सॉफ्टवेअर उघडलं, त्याची 'वरात' नावाची यादी उघडली आणि गप्प झाला. मग म्हणाला, "दादा, माझे क्यू गेले."

क्यू म्हणजे गाण्यातल्या खुणा. हलगी कुठे सुरू होते, सुरुवातीचं संगीत सोडून कुठून उडी मारायची, शेवट कुठे कापायचा. सहा वर्षं प्रत्येक गाण्यावर त्यानं त्या एकेक करून लावल्या होत्या, बऱ्याचशा रात्री दोन वाजता सामान उतरवून झाल्यावर. गाणी कुणाकडूनही मिळतात. या खुणा त्याच्याशिवाय कुणाकडे नव्हत्या. मी त्याच्याकडे बघू शकत नव्हतो.

झालं होतं ते असं. व्हर्च्युअल डीजे आपली नोंदवही प्रत्येक ड्राइव्हवर वेगळी ठेवतं. विंडोजच्या ड्राइव्हवर एक, आणि गाण्यांच्या प्रत्येक इतर ड्राइव्हच्या मुळाशी व्हर्च्युअल डीजे नावाच्या फोल्डरात त्या त्या ड्राइव्हची. गाणं कुठल्या पत्त्यावर आहे आणि त्याच्या खुणा कोणत्या, हे त्यात असतं. मी फक्त गाण्यांचे फोल्डर उचलले होते, ते छोटे फोल्डर मागेच राहिले होते. शिवाय ईवरची गाणी डीवर नेल्यानं त्यांचे पत्तेही बदलले होते.

वाचलो ते एका सवयीमुळे. काम झाल्यावरही जुनी डिस्क मी फॉरमॅट करत नाही. तारीख लिहून पाकिटात घालून ठेवतो. ती पुन्हा जोडली. नव्या एसएसडीचे पूर्वीसारखेच दोन भाग केले, अक्षरंही तीच दिली, डी आणि ई. ज्या फोल्डरात जे होतं ते त्याच नावानं परत ठेवलं. दोन्ही ड्राइव्हच्या मुळाशी असलेले आणि विंडोजच्या ड्राइव्हवरचे सॉफ्टवेअरचे फोल्डर आणले. ते वाचले गेले. कमजोर सेक्टर त्यांच्यावर नव्हते, हे नशीब. रात्री साडेदहाला ऑपरेटरनं यादी उघडली. खुणा आल्या. त्यानं तीस-एक गाणी एकेक करून तपासली, मी शेजारी बसून राहिलो.

राहिलेली करकर

गुरुवारी गोडाऊनमध्ये तीच फळी, तोच बेस, या वेळी पूर्ण चढवून. डिस्कच्या उत्तराचा आकडा एक-दोन मिलिसेकंदांच्या वर गेला नाही. पन्नास गाणी टाकली, अडकलं एकही नाही. मालक खूश झाले. ऑपरेटर कान देऊन उभा होता. चार-पाच मिनिटांनी त्यानं बोट वर केलं: करकर.

वहीतली दुसरी ओळ. रॅम आणि डिस्क दोन्ही बदलूनही ती जागेवरच होती. या आवाजाचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. प्रोसेसर क्षणभर दुसऱ्याच कुणाच्या तरी कामात अडकतो आणि आवाजाचा पुढचा तुकडा वेळेत पोचत नाही. कोण किती वेळ अडवतं ते दाखवणारं लेटन्सीमॉन दहा मिनिटं चालू ठेवलं. सगळ्यात जास्त वेळ अडवणारा निघाला वाय-फायचा ड्रायव्हर. गोडाऊनमध्ये ओळखीचं नेटवर्क नव्हतं, आणि तो सारखा शोधत होता.

वाय-फाय बंद केलं. यूएसबीची वीज वाचवण्याची सोय बंद केली, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर नेला, गाण्यांचे दोन्ही ड्राइव्ह डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्या अँटिव्हायरसच्या, तपासणीतून वगळले. विंडोज १० चे अपडेट ३५ दिवसांपर्यंत थांबवता येतात, ते थांबवले. आवाजाचा बफर, म्हणजे वाजण्याआधी साठवून ठेवायचा तुकडा, २५६ नमुन्यांवरून ५१२ वर नेला. म्हणजे बफरमुळे आवाज यायला होणारा उशीर ५.८ ऐवजी ११.६ मिलिसेकंद. स्क्रॅच करणाऱ्याला हे जाणवू शकतं. आमचा ऑपरेटर स्क्रॅच करत नाही, त्यानं दहा मिनिटं वाजवून बघितलं आणि चालेल म्हणाला. त्यानंतर तासभर करकर ऐकू आली नाही.

खर्च शून्य रुपये. हे आम्ही सोमवारी केलं असतं तरी झालं असतं.

निकाल

शुक्रवारच्या वरातीला मी स्वतः गेलो. टेम्पोच्या मागे चालत सव्वादोन तास नुसता लॅपटॉप बघत होतो. एकदाही अडकला नाही. विंडोज चालू व्हायला आता वीस सेकंदांच्या आत लागतात, सॉफ्टवेअर उघडून पहिलं गाणं वाजेपर्यंत मिनिटभर.

त्या मिनिटाचं मोल पंधरा दिवसांनी कळलं. एका वरातीत जनरेटर बसला. अँप बंद पडणारच होते, पण लॅपटॉपही बंद पडला. त्याची बॅटरी निकामी होती, चार्जर काढल्यावर दोन मिनिटंसुद्धा तग धरत नव्हती. जनरेटर परत चालू होईपर्यंत पाच मिनिटं गेली, त्यानंतर गाणं मिनिटभरात सुरू झालं. जुन्या डिस्कवर साडेपाच मिनिटं आणखी गेली असती. गणपतीचे अकरा दिवस, २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर, विसर्जनाच्या रात्रीसह, तक्रारीचा एकही फोन आला नाही.

ऑपरेटरची एक इच्छा अर्धीच पुरी झाली. त्याला चालू गाण्यातला गायकाचा आवाज बाजूला काढून खाली हलगी घालायची होती, म्हणजे स्टेम्स. ते काम रॅमपेक्षा प्रोसेसर आणि ग्राफिक्सच्या ताकदीवर चालतं, आणि आठव्या पिढीच्या आय५ ला कार्यक्रम चालू असताना ते झेपत नाही. नेहमी लागणाऱ्या गाण्यांचे स्टेम्स घरी आधीच तयार करून ठेवायचे, असा मार्ग काढला. त्यांच्या फाइली जागा खातात, पण ती आता त्याच्याकडे आहे.

पुन्हा करायचं झालं तर

बॅटरीचं सोमवारीच बोलायला हवं होतं. मी तपासली होती, खराब आहे हे सांगितलंही होतं. मालक म्हणाले, "चार्जर तर कायम लावलेलाच असतो," आणि मी विषय सोडला. कार्यक्रम जनरेटरवर चालतात, हे मला माहीत होतं. बत्तीस जीबी रॅमला जेवढ्या ठामपणे नाही म्हटलं, तेवढ्याच ठामपणे बॅटरीला हो म्हणायला हवं होतं.

दुसरं, लॅपटॉप उघडण्याआधी लेटन्सीमॉन लावला असता तर करकर पहिल्याच दिवशी सुटली असती, आणि ती सुटली की उरलेलं दुखणं कुठलं हेही जास्त स्वच्छ दिसलं असतं.

तिसरं, ऑपरेटरला सोबत बसवल्याशिवाय गाण्यांच्या ड्राइव्हला हात लावायचा नाही. तो शेजारी असता तर डी आणि ई एकत्र करू लागल्याबरोबर त्यानं हात धरला असता. आता कुठल्याही डीजेचा लॅपटॉप आला की मी आधी त्याच्याकडून तीन गोष्टी लिहून घेतो: गाणी कुठल्या अक्षराच्या ड्राइव्हवर आहेत, सॉफ्टवेअर कुठलं, आणि खात्याचा पासवर्ड आठवतो का. त्या पासवर्डानं बुधवारी आमचा दीड तास खाल्ला होता, ते वर सांगायचं राहिलं.

क्लोनिंगबद्दल माझं मत आता पक्कं आहे. डिस्कची तब्येत हिरवी असेल तर क्लोन. पिवळी असेल तर आधी माणसाच्या मेहनतीच्या फाइली, त्यातही सगळ्यात आधी सॉफ्टवेअरच्या नोंदवह्या, मग गाणी, आणि विंडोज कोरं.

ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आधी, मालक ठरल्याप्रमाणे लॅपटॉप घेऊन आले. विंडोज ११ टाकलं, नवी बॅटरी बसवली, कंट्रोलरचा ड्रायव्हर गोडाऊनमध्ये बेस चढवून तपासला. पंख्यावर पुन्हा गुलाल होता, तो काढला. जुन्या डिस्कचं पाकीट त्यांच्या हातात देऊन विचारलं, आता पुसू का? त्यांनी ऑपरेटरकडे बघितलं. ऑपरेटरनं पाकीट घेतलं आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं.